मिरजेला नऊ, कोल्हापूरला सहा

"मिरजेला आला असता तर हे घडलं नसतं," प्रमोदिनी म्हणाली.

चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या विमलेचा हात थांबला नाही. माईंची रवी मात्र ताकात तशीच उभी राहिली.

"मी दादाला निरोप धाडला होता," प्रमोदिनीला आता आवरेना. "उरसात पाळणा लोखंडी असतो, इंजिनावर चालणारा. एका लयीत फिरतो. पोरं बसवायला भीती नाही. तर दादा म्हणे, घराजवळ प्रदर्शन भरलंय, मिरजेपर्यंत कशाला यायचं?"

"प्रमोदिनी, पुरे," माई म्हणाल्या.

"मी वाईट काय बोलले, माई?"

"वाईट नाही बोललात, वन्सं," विमला भाकरी तव्यावर टाकत म्हणाली. "तुमच्या मिरजेला नऊ मिळालेत. नऊवाल्यांनी सहावाल्यांना ऐकवायचं नाही तर कुणी?"

तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, म्हणून प्रमोदिनीला तो जास्त लागला. विमलेची यमू जाऊन आठवडा झाला होता. सात वर्षांची नात गेली तेव्हा गोटखिंडीकरांच्या घरात सगळेच रडले होते; विमला रडली ती पहिल्या रात्री, नंतर नाही. चुलीपुढून ती उठायची नाही आणि कुणाला चुलीकडे येऊ द्यायची नाही.

गुणांची पद्धत आबांची. नृसिंह गोटखिंडीकर संस्थानच्या शाळेत मुख्याध्यापक होते. संस्थान विलीन झालं, ते निवृत्त झाले, पण गुण देणं सुटलं नाही. वर्षातून दोनदा-तीनदा सगळं घर जत्रेला नाही तर प्रदर्शनाला जाई. हुपरी, गारगोटी, नृसिंहवाडी, मिरजेचा उरूस. परतीच्या गाडीत प्रत्येकानं तिथल्या पाळण्याला, लाकडी घोड्यांना, खाण्याला दहापैकी गुण द्यायचे, आणि का दिले ते सांगायचं. "छान होतं" एवढं म्हणून चालत नसे. मंगळवार पेठेतले शेजारी हसत विचारायचे, मास्तर, यंदा पहिला नंबर कुणाचा?

अलीकडे आबा पाळणेवाल्यांनाही गुण सांगू लागले होते. विद्यार्थ्याला गुण कळले नाहीत तर तो सुधारणार कसा, असं त्यांचं म्हणणं.

कोल्हापूरच्या माळावरच्या प्रदर्शनात त्या रविवारी हेच झालं. पहिली फेरी नीट पार पडली. सगळे खाली उतरल्यावर आबांनी पाळणेवाल्या गुंडूला सांगितलं, "सहा. मिरजेच्याला नऊ दिलेत. तुझा रेंगाळतो." भोवतीची माणसं हसली. बसायला तयार होते त्यांना गुंडूनं पैसे न घेता पुन्हा बसवलं. "दावतो तुमास्नी मिरज," म्हणाला. पाळणा लाकडी, हातानं फिरवायचा. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं तो असा फिरवला, की बैठका आडव्या व्हायला लागल्या, आणि यमू साखळीखालून निसटली.

प्रमोदिनीला हे सगळं माईंनी सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर म्हणाल्या होत्या, "सहाचं बाहेर बोलायचं नाही." तेव्हा तिला ते पटलं होतं. अजूनही पटत होतं. तिच्या सासरी आबांच्या नावानं तिला मान होता.

"वहिनी," ती विमलेजवळ जाऊन हळू म्हणाली, "आज फौजदार येतोय. आबांचं नाव यात येता कामा नये. एवढं सांभाळा."

"मला कोण विचारतंय?" विमला म्हणाली. "भाकरी खाणार का गरम?"

*

विमलेचा नवरा बंडू कोर्टात कारकून होता. जबाब कसा घेतात आणि नंतर तो माणसाच्या मानेवर कसा बसतो, हे त्यानं रोज पाहिलेलं होतं. म्हणून आबांनी दोघा मुलांना पुढच्या सोप्यात बोलावलं तेव्हा तो मुद्दाम खांबाच्या आड बसला.

"सरळ आणि थोडक्यात सांगायचं," आबा म्हणाले. पूर्वी तपासणीला इन्स्पेक्टर येणार असला की शिक्षकांना बोलावून सांगत, तोच सूर. "पाळणेवाला दारू प्यालेला होता. त्याला शुद्ध नव्हती. आपण थांब म्हणालो, त्यानं ऐकलं नाही. बंडू, तू काय पाहिलंस?"

बंडूनं काहीच पाहिलं नव्हतं. तो भडंग घ्यायला गेला होता. पुडा हातात घेऊन वळला तेव्हा लोक धावत होते.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

"मी म्हणेन तसं नव्हे. झालं तसं."

"झालं तसं सांगायचं तर सहापासून सांगावं लागेल," धाकटा अंबादास म्हणाला. त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. यमूला धरताना तो पाळण्याच्या खांबात सापडला होता. "त्यानं दुसरी फेरी फुकट का दिली, हे फौजदार विचारणारच की."

"त्याचा इथं संबंध नाही."

"नाही कसा? तुम्ही सहा म्हणालात आणि घड्याळ काढून उभे राहिलात. मी वरून बघितलं. किती वेळात फेरा होतो ते मोजत होतात तुम्ही."

"वरून बघितलंस?" आबांनी चष्मा काढला. "तू वरून काय बघतोस ते सगळ्या घराला ठाऊक आहे. पाळणा हलला की तुझे डोळे मिटतात. डोळे मिटून गुण देणारा माणूस तू. पोरगी तुझ्या शेजारी होती, अंबादास. माझ्या नव्हे."

अंबादासचं भय हा घरातला जुना विनोद होता. दर सहलीला कुणीतरी म्हणायचंच, अंबूचे गुण धरू नका, त्यानं अंधार बघितलाय. आज कुणी हसलं नाही.

माई माजघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "त्याच्या हाताकडं बघा जरा आणि मग बोला," त्या म्हणाल्या. "हात मोडेपर्यंत धरलं त्यानं."

"मी नाही कुठं म्हणतो? पण उद्या कोर्टात हेच विचारतील. शेजारी काका होता, मग पोरगी निसटली कशी? त्यापेक्षा पाळणेवाला प्यालेला होता, हे सगळ्यांच्याच सोयीचं आहे. अंबूच्याही." आबा बंडूकडे वळले. "तुला काय वाटतं? बाप तू आहेस तिचा."

बंडूला वाटत होतं की कुणीतरी आपल्याला भडंगाविषयी विचारावं, म्हणजे मग आपल्याला मोठ्यानं रडता येईल. तो म्हणाला, "अंबू, ऐक आबांचं. तुझी शाळेतली नोकरी नवी आहे."

"दादा, तू तरी..."

"डोळे मिटलेले होते ना तुझे? मग तू काय सांगणार?"

माई वळल्या. आत जाताना एवढंच म्हणाल्या, "अंबू, हे म्हणतात तसं कर." अंबादासला वाचवायचं तर आबांच्या बाजूनं जाणंच सोयीचं, हे त्यांना पटलं होतं.

*

परसदाराशी एक बाई बसली होती. विमला खरकटं टाकायला बाहेर आली तेव्हा ती उठून उभी राहिली.

"म्होरल्या दारानं आलतो. म्हाताऱ्या बाईनी हाकललं," ती म्हणाली. "मी धोंडुबाई. गुंडूची मालकीन."

विमलेनं भांडं खाली ठेवलं. आत जावं की उभं राहावं, हे तिला ठरवता येईना.

"मी काय मागाय आल्याली न्हाय. पाया बी पडत न्हाय, तुमची पोरगी गेलीया, तुमच्या म्होरं कुठल्या तोंडानं पाया पडू?" बाईचा आवाज मोठा होता, हळू बोलायची तिला सवय नसावी. "पर त्यो प्यालेला न्हवता वो. पाळणा उभा केला की थेंब घेत न्हाय त्यो. फौजदार म्हनतोय, मास्तर सांगतील तसं लिवनार. आन् मास्तर प्यालेला म्हनून सांगत्यात."

"कुणी सांगितलं तुम्हांला?"

"समदी पेठ बोलतीया की. मास्तरांनी गुण कमी दिलं आन् ह्यो पेटला. पेटला त्ये चुकलंच त्येचं. मी न्हाय म्हनत न्हाय. पर एकल्याचंच चुकलं व्हय?"

विमला म्हणाली, "तुम्ही जा आता. आत ऐकू जाईल."

"जातो." पण ती गेली नाही. पदर डोक्यावर ओढून घेत म्हणाली, "कोठडीत भाकरी घिऊन गेलतो. खात न्हाय. डोळं मिटलं की तुमच्या पोरगीचं त्वांड दिसतंय म्हनतो. दर फेऱ्याला त्येच्या म्होरनंच जायाची की ती."

"तोंड दिसलं त्याला?"

"त्येला न्हाय दिसनार तर कुनाला? पाळणा फिरवनारा खाली हुबा असतोय. येनारं मानूस त्येच्याकडंच त्वांड करून येतंय."

बाई गेली. विमला परसात तशीच उभी राहिली. आठवडाभर ती एकच गोष्ट शोधत होती आणि ती कुणाकडेच नव्हती. दुसऱ्या फेरीत ती यमूच्या मागच्या बैठकीत होती. तिला दिसली ती फक्त यमूची पाठ आणि वेणीची लाल फीत. भावोजींचे डोळे मिटलेले. आबांची नजर घड्याळावर. माई चपला सांभाळत लांब बसलेल्या. बंडू तिथं नव्हताच. आपलं मूल शेवटी हसत होतं की घाबरलं होतं, एवढंसुद्धा ह्या घरात कुणाला सांगता येत नव्हतं. ते पाहिलेला माणूस एकच होता, आणि घर त्याला बेशुद्ध ठरवायला बसलं होतं.

*

फौजदार सयाजीराव चहाच्या वेळेला आले. आल्या आल्या त्यांनी टोपी काढून आबांच्या पायाला हात लावला. ते आबांच्याच शाळेत शिकलेले.

"सर, तुम्ही उठू नका. वेळ वाईट आहे, मला कळतं. दोन ओळी लिहून घेतो आणि जातो."

आबांनी जबाब सांगितला. कुठंही अडखळले नाहीत. पाळणेवाल्याच्या तोंडाला वास येत होता, त्याचे पाय ठरत नव्हते, आम्ही थांबव म्हणून ओरडलो. हवालदार लिहीत होता आणि फौजदार मान हलवत होते. बंडूनं ते सगळं आपण पाहिल्याचं सांगितलं आणि सही केली.

अंबादासला वाटलं होतं की आपली पाळी आली की आपण काहीतरी बोलू. पाळी आली. फौजदार म्हणाले, "सरांनी सांगितलं तसंच ना?" माई दारातून त्याच्याकडं बघत होत्या. तो "हो" म्हणाला.

"सही?"

अंबादासनं प्लास्टरचा हात उचलून दाखवला.

"हरकत नाही. डाव्याचा अंगठा चालेल."

हवालदारानं शाईची गादी पुढं केली. शाळेत मुलांना अक्षर सुधारा म्हणून सांगणारा मास्तर आपल्या बापासमोर कागदावर अंगठा उमटवत होता. आबांनी मान वळवली. अंगठ्याची शाई धोतराला पुसावी की नाही, एवढाच विचार अंबादासच्या डोक्यात राहिला.

"माझा जबाब राहिलाय."

विमला माजघरातून बाहेर आली होती. डोक्यावर पदर, पायांत चपला. घरात चपला घालून ती कधी सोप्यात आली नव्हती.

"वहिनी, बाईमाणसाला त्रास नको म्हणून..." फौजदार उठून उभे राहिले. "एवढे तिघांचे पुरेसे आहेत."

"ह्या तिघांतला पाळण्यात एकच होता. मी होते. पाळणेवाला प्यालेला नव्हता. आबांनी त्याला सहा गुण दिले, मिरजेचं नाव घेऊन चारचौघांत हिणवलं, म्हणून त्यानं पाळणा पिटाळला."

हवालदाराचा टाक कागदावर टेकला तो तिथंच राहिला. फौजदारांनी आबांकडं पाहिलं.

"तिचं चित्त ठिकाणावर नाही, सयाजी," आबा म्हणाले. आवाज मऊ होता. "आईच ती. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी माझ्या ताटातल्या भाकरीला गुण देत होती."

असं काही झालं नव्हतं. अंबादासला हे ठाऊक होतं, बंडूला ठाऊक होतं, दारात उभ्या प्रमोदिनीला ठाऊक होतं.

"बंडोपंत?" फौजदारांनी विचारलं.

बंडू उठला, बसला. विमला त्याच्याकडं बघत नव्हती. ती हवालदाराच्या टाकाकडं बघत होती. तो म्हणाला, "झोप नाही हो तिला."

"म्हणजे सर म्हणतात तसंच?"

"हो. तसंच."

फौजदारांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "मग वहिनी, तुम्हांला बरं वाटलं की कधीतरी सवडीनं चौकीवर या. तिथं लिहून घेऊ." लोकांना घालवून देण्याची ही त्यांची नेहमीची रीत असावी.

"आत्ता येते," विमला म्हणाली.

"विमल!" माई पुढं आल्या. "पोलीस चौकीवर? ह्या घरातली बाई? आज ह्या उंबऱ्याबाहेर गेलीस तर..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. विमलेनं ते ऐकायला थोडा वेळ वाट पाहिली, मग ती उंबरा ओलांडून गेली. बंडू जागचा हलला नाही. अंबादास उठला. माईंनी त्याचा सदरा धरला. त्यानं सदरा सोडवून घेतला आणि वहिनीच्या मागं गेला.

"वन्सं," पायरीवरून विमलेचा आवाज आला, "भाकरी झाकलेल्या आहेत. आबांना वाढा."

*

चौकीतल्या कोठडीचं दार गजांचं होतं. गुंडू भिंतीला टेकून बसला होता. विमलेला बघून तो उठला आणि मागं सरकला.

"त्याच्याशी बोलायचं नाही, जबाब आधी," हवालदार म्हणाला. फौजदारांनी हातानं त्याला गप्प केलं. त्यांना ही बाई लवकर घरी जायला हवी होती.

"मी तुझ्यासाठी आलेली नाही," विमला गजाजवळ जाऊन म्हणाली. "मला एक विचारायचंय. खरं सांग. दुसऱ्या फेरीला ती कशी होती? हसत होती का?"

गुंडूनं आधी अंबादासकडं पाहिलं, मग फौजदारांकडं. काय सांगितलं म्हणजे आपल्या फायद्याचं, हे त्याला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळेना.

"न्हाय बाईसाब," तो शेवटी म्हणाला.

"मग?"

"भ्याली हुती. पैल्या दोन फेऱ्याला गप हुती. मग काकाचा सदरा वडाय लागली. मग माझ्याकडं बघून म्हनली, थांबवा."

अंबादास भिंतीकडं वळला. सदरा ओढल्याचं त्याला आठवत होतं. खेळते आहे असं त्याला वाटलं होतं. डोळे त्यानं तेव्हाही उघडले नव्हते.

"तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"स्पष्ट?"

"व्हय. दोनदा म्हनली."

"मग थांबवला का नाहीस?"

गुंडूनं गज धरले. त्याच्या तळहातांना पाळण्याच्या लाकडाचे घट्टे होते. "मास्तर घड्याळ घिऊन हुबं हुतं की समोर. मानसं बघत हुती. आनी..." तो थांबला.

"आणि काय?"

"मागल्या पाळण्यात तुमी हुता, बाईसाब. तुमी हसत हुता. मोठ्यानं. मला वाटलं, आई हसतीया म्हंजे पोरगी लाडानंच वरडतीया."

विमला गजापासून मागं आली. फौजदारांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही, टेबलाला हात टेकून उभी राहिली.

"वहिनी, घरी जा," फौजदार हलक्या आवाजात म्हणाले. "आता त्यानं स्वतःच कबूल केलं, ऐकलं म्हणून. तुमचा जबाब नसला तरी चालतं. सरांचं नाव कशाला? त्याचं त्याच्या तोंडानं झालंय."

"म्हणजे आता तो एकटाच?"

"कायद्यानं तोच."

"माझं लिहून घ्या."

फौजदार अंबादासकडं वळले. सोप्यात बंडूकडं वळले होते तसेच. "तुम्ही सांगा, मास्तर. ह्या अवस्थेत जबाब घ्यायचा का?"

"वहिनी पूर्ण शुद्धीवर आहेत," अंबादास म्हणाला. "आणि माझा मघाचा रद्द करा. मला दुसरा द्यायचाय."

हवालदारानं नवा कागद घेतला. विमला एकेक वाक्य सांगत गेली आणि त्याचा टाक उठेपर्यंत थांबत गेली. नृसिंह गोटखिंडीकर, माझे सासरे, यांनी पाळण्याला सहा गुण दिले. मिरजेचा चांगला म्हणाले. पाळणेवाला प्यालेला नव्हता. तो चिडला. मुलीनं दोनदा थांबवा म्हटलं. ते त्यानं ऐकलं. थांबवला नाही.

कोठडीत गुंडू खाली बसला.

"झालं?" हवालदारानं विचारलं. "सही करा."

"नाही झालं. पुढं लिहा. मी, तिची आई, मागच्या पाळण्यात होते. मी हसत होते."

"वहिनी, ते नको," फौजदार म्हणाले. "त्याचा गुन्ह्याशी काही संबंध नाही."

"असं आबा म्हणतात," विमला म्हणाली. "तुम्ही लिहा. मोठ्यानं हसत होते."